बडोद्यातल्या शाळेत प्रवाळ वाढवायचं असेल तर

प्रवाळाचा प्रकल्प करायचा असेल तर तो जूनमध्ये, शाळा उघडल्या उघडल्या ठरवा. दिवाळीनंतर विज्ञान प्रदर्शनाचं पत्रक आलं की धावपळ करून उभा राहणारा हा प्रकल्प नाही. जुलैत टाकीत पाणी भरायचं, गणपतीच्या सुमाराला ते पाणी जगवण्याजोगं होतं, सप्टेंबरात प्राणी आणायचा आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी मोजमापं घ्यायची. मार्च लागला की आवरायला घ्यायचं, कारण एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो आणि २५-२६ अंशांत सुखी असणारा हा जीव चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) नसलेल्या टाकीत तेव्हा तगत नाही. मी बडोद्यात आठवी-नववीला विज्ञान शिकवते. पहिल्या वर्षी मुलांच्या उत्साहापुढे मी हे वेळापत्रक बाजूला ठेवलं, रिकामी टाकी दोन महिने बघत बसायला नको म्हणून प्राणी तिसऱ्या आठवड्यातच आणला आणि नऊ दिवसांत तो विरघळल्यासारखा होऊन गेला. मुलं त्या दिवशी फार गप्प होती. त्यानंतर मी एक ठरवलं: आधी पाणी, मग प्राणी. या लेखात पुढे जे आहे ते सगळं या चार शब्दांचंच आहे.

कोणतं प्रवाळ, आणि कोणतं नाहीच

वर्गात विषय काढला की पहिला प्रश्न हमखास येतो: "बाई, आजीच्या अंगठीतलं पोवळं आपण वाढवायचं का?" ते पोवळं म्हणजे प्रामुख्याने भूमध्य समुद्रातल्या लाल प्रवाळाचा सांगाडा. तो जीव समुद्रात खोल, अंधारात राहतो आणि वर्षाला मिलिमीटरभरही जाड होत नाही. ते शाळेत होणारं काम नाही. पण या प्रश्नावरून मुलांना एक गोष्ट छान सांगता येते. पोवळं हा दगडही नाही आणि झाडही नाही. तो प्राणी आहे, जेलीफिश आणि समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोन) यांच्या कुळातला. उथळ समुद्रातल्या बऱ्याचशा प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. पाणी फार तापलं की ही सोबत तुटते, शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली हे मोठ्या प्रमाणावर झालं.

आता कायदा. ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून रीफ, म्हणजे समुद्रातले प्रवाळखडक, बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, फायर कोरल आणि सी फॅन यांचा समावेश आहे. म्हणजे वाघाला आहे तसंच संरक्षण. जिवंतच नव्हे, वाळलेला तुकडाही बाळगायचा नाही. द्वारकेला किंवा नरारा बेटावर सहलीला गेलो आणि किनाऱ्यावरून पांढरी फांदी उचलून आणली, हेसुद्धा चालत नाही. एका पालकांनी मोठ्या मायेने घरातला असा जुना तुकडा शाळेसाठी पाठवला होता. मी त्यांना फोन करून सगळं समजावलं आणि वनविभागाला विचारूनच त्याचं काय करायचं ते ठरवा, असं सांगितलं. दुकानात 'लाइव्ह रॉक' म्हणून जो दगड मिळतो तोही अनेकदा रीफचाच तुकडा असतो. तो घेऊ नका.

मग उरतं काय? मऊ, सांगाडा नसलेले जीव. माझी निवड ठरलेली आहे: मशरूम कोरल. बशीसारखी चकती, मधोमध तोंड, खाली छोटा देठ. प्राणिशास्त्राच्या वर्गीकरणात हे कठीण प्रवाळांच्या गटात बसत नाहीत. कमी उजेडात आणि संथ पाण्यात राहतात, नवख्यांच्या चुका बऱ्यापैकी सोसतात आणि कापले तर दोन होतात. झेनिया या मऊ प्रवाळाचे हात उघडमीट करताना मुलांनी व्हिडिओत पाहिलेले असतात, म्हणून त्यांचा हट्ट झेनियासाठी असतो. पण ते एकदम बहरतं आणि एकदम बसतं, कारण कळत नाही. मोजमापाच्या प्रकल्पाला ते नको. झोअँथिड हा रंगीबेरंगी प्रकार तर शाळेत अजिबात नको. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असतं. कापताना डोळ्यांत उडालं किंवा दगड उकळला आणि वाफ नाकात गेली तर माणूस दवाखान्यात पोहोचतो.

निवड झाली की मुख्याध्यापकांच्या सहीचं एक पत्र वनविभागाच्या कार्यालयात द्या. कोणता जीव, किती नग, कुठून घेणार, प्रकल्पानंतर कुठे देणार, हे सगळं त्यात लिहा आणि उत्तर लेखी घ्या. विकत घेताना जातीचं नाव लिहिलेलं बिल मागा. बिल द्यायला का-कू करणाऱ्याकडून घेऊ नका.

टाकी आणि जागा

६० सेंटीमीटर लांब, ४० रुंद, ४० उंच अशी काचेची टाकी पुरते. हिशेबाने ९६ लिटर होतात, पण वर जागा सोडून प्रत्यक्षात ८५ लिटर पाणी बसतं. याहून लहान घेऊ नका. थोड्या पाण्यात चूक पटकन मोठी होते. सगळ्याचं मिळून वजन शंभर किलोच्या वर जातं, तेव्हा प्रयोगशाळेतला कडाप्प्याचा ओटाच बरा, लाकडी टेबल नको. खाली थर्माकोलचा पत्रा घाला. पश्चिमेची खिडकी टाळा. शक्य असेल तर तळमजल्यावरची खोली घ्या, वरच्या मजल्यावरची गच्चीखालची खोली तापते.

तळाला वाळू घालू नका. दिसायला सुंदर दिसते, पण घाण तिच्यात साठते आणि शाळेत रोज कोणी ती उपसत नाही. जिवाणूंना घर म्हणून सिरॅमिकच्या नळ्या किंवा ठोकळे दोन किलोभर टाका. पाणी हलवायला एक छोटा वेव्हमेकर मागच्या काचेवर बरोबर मध्यभागी लावा. मध्यभागीच का, ते पुढे प्रयोगात कळेल. १०० वॅटचा हीटर लागतो, कारण जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा बारा-तेरापर्यंत उतरतो. दिवा निळ्या-पांढऱ्या एलईडीचा, मंद करता येणारा घ्या. शैवालाला निळा उजेड विशेष कामाचा असतो. टायमर लावा आणि रोज नऊ तास ठेवा, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा.

विजेचं बोलायला हवं. खारं पाणी वीज फार चांगली वाहून नेतं. टाकीची सगळी उपकरणं ईएलसीबी (वीज गळली की लगेच तोडणारं बटण) असलेल्या जोडणीवरच हवीत. प्रत्येक वायर प्लगपर्यंत जाण्याआधी खाली झोळीसारखी लोंबू द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये न जाता तिथून गळून पडेल. हात घालण्याआधी सगळी बटणं बंद. हा नियम मी टाकीवरच मोठ्या अक्षरांत चिकटवला आहे.

पाणी

इथे सावकाश वाचा.

बडोद्याच्या नळाला मही नदीचं आणि आजवा तलावाचं पाणी येतं, पुष्कळ शाळांत बोअरवेलही आहे. कुठलंच थेट वापरायचं नाही. क्लोरीन, क्षार, फॉस्फेट या सगळ्यांचा त्रास होतो. आरओचं पाणी घ्या, पण एक लक्षात ठेवा: घरगुती आरओमध्ये चव यावी म्हणून शेवटी खनिजं परत मिसळणारं कार्ट्रिज असतं. मेकॅनिकला सांगून त्याआधीच नळी काढून घ्या. टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्रावर, १० च्या आत आकडा आला पाहिजे.

मीठ कोणतं? स्वयंपाकाचं नाही, सैंधव नाही आणि मिठागरातलं जाडं मीठही नाही. मुलं यावर वाद घालतात. त्यांचा वाद रास्त असतो: समुद्राचं पाणी आटवूनच मीठ होतं, मग तेच परत विरघळवलं तर समुद्र का होत नाही? त्याचं उत्तर असं की पाणी आटताना क्षार एकदम खाली बसत नाहीत. कॅल्शियमचे क्षार आधी बसतात, मग साधं मीठ, आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडवट द्रावात राहून जातं. आगरी फक्त मधलं गोळा करतो. आपल्याला मात्र कॅल्शियम आणि मॅग्नेशियमसकट सगळं हवं असतं. म्हणून मत्स्यालयाच्या दुकानात रीफ टाकीसाठी मिळतं तेच कृत्रिम समुद्री मीठ घ्या. लिटरला साधारण ३६ ग्रॅम, म्हणजे ८५ लिटरना तीन किलोच्या आसपास. पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. नव्या बादलीत छोटा पंप सोडून चोवीस तास फिरू द्या.

क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. हायड्रोमीटरचा तरंगता काटा बुडबुड्यांनी फसवतो. डिस्टिल्ड पाण्याच्या थेंबावर शून्य येतं का ते आधी पाहायचं, मग टाकीचा थेंब. हजार भागांत ३५ भाग क्षार, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास. तापमान २५ ते २६, पीएच ८.१ ते ८.४.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. टाकीवर छोटा पंखा लावला की पाणी दोन-तीन अंश थंड राहतं, पण रोज लिटर-दीड लिटर उडून जातं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. आमच्या गटातल्या एका अतिशय कष्टाळू मुलीने पातळी खाली गेली म्हणून पाच दिवस रोज दीड लिटर खारं पाणी टाकलं. साडेसात लिटर पाण्याबरोबर तिने अडीचशे ग्रॅमच्या वर मीठ आत टाकलं होतं, आणि क्षारता ३५ वरून ३८ वर गेली. तिला रागावण्याचा प्रश्नच नव्हता, चूक माझ्या सूचनेत होती. आता दोन वेगळ्या रंगांच्या कॅन असतात: निळ्या कॅनमध्ये गोडं आरओ पाणी, रोजची तूट भरायला, लाल कॅनमध्ये खारं पाणी, फक्त आठवड्याच्या पाणीबदलाला. काचेवर कायमच्या मार्करने पातळीची रेघ आखा आणि रोज त्या रेघेपर्यंत गोडं पाणी.

दोन महिने, टाकीत कोणी नाही

नव्या टाकीत जिवाणू नसतात. प्राण्यांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते थोड्या प्रमाणात सोसतं. ही दोन्ही मंडळी वस्तीला यायला चार ते आठ आठवडे लागतात.

त्यांना खाऊ लागतो. त्यासाठी रसायनशास्त्राच्या कपाटातला शुद्ध नवसागर (अमोनियम क्लोराइड) वापरा. ८५ लिटरना अर्धा ग्रॅम, प्रयोगशाळेच्या तराजूवर मोजून. यातून लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम अमोनिया होतो. बाटलीतले तयार जिवाणू मिळतात, घालायचे तर घाला. मग दर दोन दिवसांनी थेंबांच्या चाचणी-संचाने अमोनिया आणि नायट्राइट मोजा आणि आलेख काढा. अमोनियाची रेघ चढते, मग उतरते, ती उतरत असताना नायट्राइटची चढते. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा अर्धा ग्रॅम नवसागर. अर्धा ग्रॅम घातल्यानंतर चोवीस तासांत दोन्ही आकडे शून्य आले की टाकी तयार. मग निम्मं पाणी बदला, साचलेलं नायट्रेट कमी होईल.

मला हा काळ आवडायला लागला आहे. डोळ्यांना काहीच दिसत नसताना आलेखावर काहीतरी जगत असल्याचं मुलांना कळतं. या दोन महिन्यांत करण्यासारखं बरंच आहे. अंड्याचं कवच व्हिनेगरमध्ये टाकून चुनखडी कशी विरघळते ते दाखवा. युनिव्हर्सल इंडिकेटर घातलेल्या खाऱ्या आणि गोड्या पाण्यात नळीने फुंकर मारून कोणाचा रंग आधी बदलतो ते पाहा. नळीने फुंकायचं, ओढायचं नाही, हे आधी तीनदा सांगा.

आणि एका शनिवारी सयाजीबागेतल्या संग्रहालयात न्या. तिथे देवमाशाचा भला मोठा सांगाडा आहे, तो बघताना मुलं कितीतरी वेळ हलत नाहीत. तिथेच त्यांना सांगा की प्रवाळ आणि बडोदे हे नातं नवं नाही. द्वारका, बेट द्वारका आणि ओखा हा ओखामंडळाचा मुलूख बडोदे संस्थानातच होता. सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाकडून तिथल्या समुद्रजीवांची पाहणी करवून घेतली आणि तिचे अहवाल १९०९ आणि १९१६ साली प्रसिद्ध झाले. पुढे कच्छच्या आखाताच्या त्याच दक्षिण किनाऱ्यावर १९८० साली सागरी अभयारण्य झालं आणि १९८२ साली त्याच्या गाभ्याचं सागरी राष्ट्रीय उद्यान. २०२० साली मिठापूरजवळ भारतीय प्राणी सर्वेक्षण आणि गुजरात वनविभागाने समुद्रतळावर लोखंडी सांगाडा ठेवून त्यातून सौम्य वीज सोडली. त्याने पाण्यातले क्षार सांगाड्यावर जमतात आणि त्यावर प्रवाळाचे तुकडे रुजवता येतात. आपली टाकी त्या कामापुढे थेंबाएवढीच, पण प्रश्न त्याच जातीचे आहेत.

प्राणी आणणं आणि कापणं

तीन-चार चांगल्या मोठ्या चकत्या पुरतात. सकाळी आणा. पिशवी न उघडता वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, म्हणजे तापमान जुळेल. मग पिशवीतलं पाणी आणि प्राणी छोट्या भांड्यात घेऊन टाकीचं पाणी बारीक नळीने थेंबथेंब सोडा, तासभर. दुकानाचं पाणी टाकीत ओतू नका. पहिला आठवडा दिवा निम्म्या उजेडावर ठेवा. आल्या आल्या चकती आक्रसून बोराएवढी होते, मुलं घाबरतात. दोन-तीन दिवसांत उलगडते.

तीन आठवडे नुसतं राहू द्या. मग कापणी. हे काम शिक्षकांनीच करायचं, मुलांनी बघायचं. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. चकती देठासकट बशीत घ्या आणि नव्या धारदार ब्लेडने तोंडाच्या मधोमध काप द्या, भाकरीचे चतकोर करावेत तसे चार. प्रत्येक चतकोरात तोंडाचा थोडा भाग आला पाहिजे. चिकट द्राव सुटेल, तो टाकीच्या पाण्याने धुऊन टाका. चतकोर लगेच खडकाला चिकटत नाहीत आणि प्रवाहात वाहून जातात. म्हणून प्लॅस्टिकच्या छोट्या वाटीत सिरॅमिकचे बारीक तुकडे घालून त्यावर चतकोर ठेवा, वाटीवर मच्छरदाणीची जाळी रबराने बांधा आणि टाकीच्या शांत कोपऱ्यात ठेवा. दहा-पंधरा दिवसांत ते चिकटतात, महिन्याभरात गोल होऊन मधे नवं तोंड दिसायला लागतं. तीन चकत्यांतून बारा तुकडे. एखाद-दोन जातील, म्हणून चौथी चकती राखून ठेवायची.

खायला फार लागत नाही. आठवड्यातून एकदा आर्टेमियाची (कोळंबीसारख्या चिमुकल्या जिवाची) पिल्लं घातली तरी पुरे. अंडी खाऱ्या पाण्यात हवा सोडून चोवीस तासांत फुटतात, मुलांना ते करायला फार आवडतं. पण जास्त घातलं तर पाणी नासतं. उरलेलं अन्न दिसलं तर ड्रॉपरने उचला.

प्रश्न एकच

"प्रवाळ वाढवणे" हा प्रकल्प नाही, ते पालनपोषण झालं. प्रकल्पाला प्रश्न लागतो आणि तो एकच असावा. आमचा असा होता: उजेड निम्मा केला तर तुकडे कमी वाढतात का?

त्यासाठी दुसरी टाकी लागत नाही. टाकीच्या अर्ध्या भागावर, दिवा आणि पाणी यांच्या मध्ये, नर्सरीत मिळते ती ५० टक्क्यांची काळी शेड नेट पसरा. जाळी पाण्याच्या वर, म्हणजे खालचा प्रवाह दोन्हीकडे सारखा राहतो. वेव्हमेकर मध्यभागी लावला होता तो याचसाठी. सहा तुकडे जाळीखाली, सहा मोकळ्या उजेडात. कोणता तुकडा कुठे जाईल ते चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि एकाच चकतीचे चार चतकोर दोन्हीकडे दोन-दोन वाटले जातील असं बघा. नाहीतर मोठ्या आईची लेकरं एकाच बाजूला जमतील आणि निकाल उजेडाचा की आईचा, हे कळणार नाही.

मोजायचं कसं? मशरूमची चकती दिवसभरात फुगते आणि मिटते. सकाळी आठला आणि दुपारी दोनला मोजलं तर एकाच प्राण्याचे दोन आकडे येतात. म्हणून दिवा लागल्यावर बरोबर तीन तासांनी, दर बुधवारी, पंप दहा मिनिटं बंद करून वरून फोटो घ्या. शेजारी पट्टीचा तुकडा ठेवा, फोन दर वेळी त्याच स्टँडवर. प्रत्येकाचे तीन फोटो आणि त्यांची सरासरी. क्षेत्रफळ काढायला इमेज-जे हे फुकट सॉफ्टवेअर आहे. संगणक नसेल तर फोटो छापून त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा, कडा गिरवा आणि आलेखाच्या कागदावर चौकोन मोजा. आम्ही दोन्ही करून पाहिलं, हातानेही चांगलं येतं.

अंदाज आधी लिहून घ्या, तारखेसकट. आमच्या वर्गाने एकमताने लिहिलं होतं की उजेडातले जास्त वाढतील. दहा आठवड्यांनी जाळीखालचे जास्त पसरलेले निघाले. काही मुलांना वाटलं आपलं चुकलं. मग एक मुलगा म्हणाला, "बाई, ते वाढलेत की नुसते पसरलेत? उजेड कमी मिळतो म्हणून हात लांब केल्यासारखे?" त्या एका वाक्यावर आम्ही दोन तास घालवले. चकतीचं क्षेत्रफळ आणि प्राण्याचं वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे त्यातून निघालं. पुढच्या वर्षी आम्ही नव्याने फुटलेल्या पिल्लांची संख्याही मोजायला घेतली.

पैसे कमी असतील तर

मला विचाराल तर पहिल्या वर्षी हेच करा. एप्टेशिया नावाचं छोटं, तपकिरी समुद्रफूल खाऱ्या पाण्याच्या टाक्यांमध्ये तणासारखं माजतं. हौशी लोक ते मारण्यासाठी औषधं आणतात, मागितलंत तर आनंदाने देतील. आणि हेच तण जगभरच्या प्रयोगशाळांत प्रवाळाऐवजी अभ्यासासाठी वापरतात, कारण त्याच्याही पेशींत तसंच शैवाल राहतं. त्याला मोठी टाकी, वेव्हमेकर, महागडा दिवा यांपैकी काही लागत नाही. काचेच्या वाटीत अर्धा लिटर खारं पाणी, वर काचेचं झाकण, साधा पांढरा एलईडी, आठवड्यातून दोनदा आर्टेमिया, आणि खाऊ घातल्यावर काही तासांनी सगळं पाणी बदलायचं. पायाचा तुकडा मागे टाकत ते स्वतःच वाढतं. फक्त त्याच्या स्पर्शिकांना डंख असतो, उघड्या हाताने शिवायचं नाही.

सहा वाट्या उजेडात, सहा काळ्या कागदाच्या खोक्यात ठेवा. दोन्हीकडे खाणं सारखंच. अंधारातली काही आठवड्यांत फिकी पडत जातात आणि खाणं मिळत असल्यामुळे जिवंत राहतात. रंगाचं कार्ड शेजारी धरून दर आठवड्याला फोटो काढा. मग त्यांतली तीन परत उजेडात आणा आणि तपकिरी रंग किती दिवसांनी येतो ते पाहा. पांढरं पडणं म्हणजे लगेच मरणं नव्हे, पण ती उपाशी राहण्याची सुरुवात असते, हे पाठ्यपुस्तकातल्या चित्रापेक्षा इथे जास्त खरं कळतं. अनुसूचीत वर सांगितलेल्या पाच गटांत हे येत नाही, तरी वनविभागाच्या पत्रात त्याचंही नाव लिहा.

सुट्ट्या, फिनेल आणि वीज

टाक्या सुट्टीत मरतात. नवरात्रात मुलं नऊ रात्री गरब्याला असतात, सकाळची पाळी चुकते. दिवाळीची सुट्टी एकवीस दिवसांची, उत्तरायणाचे दोन दिवस तर कोणीच फिरकत नाही. शाळेजवळ राहणाऱ्या दोन कुटुंबांकडे किल्लीची आणि निळ्या कॅनची जबाबदारी आधीच द्या. रोज फक्त तीन कामं: थर्मामीटर वाचणं, रेघेपर्यंत गोडं पाणी, पंप चालू आहे का बघणं. फोटो काढून गटावर टाकला की झालं. दिवाळीत खायला घालायची गरज नाही, हे त्यांना आवर्जून सांगा. मायेपोटी जास्त घातलं जातं.

शिपाईकाकांशी स्वतः बोला, सूचनेचा कागद पाठवू नका. फिनेलने लादी पुसणं, डासांचं लिक्विड मशीन, उदबत्ती, दिवाळीआधीचा रंग, पावसाळ्यात पालिकेची धुराची गाडी, यांतलं काहीही पाण्यात उतरू शकतं. आमच्या काकांना एकदा कारण समजल्यावर त्यांनी त्या खोलीसाठी साध्या पाण्याची वेगळी बादली ठेवली, आणि मुलांच्याआधी टाकी तेच बघतात. माशांची तांब्याची औषधंही या टाकीजवळ आणू नका, ती अशा जिवांना मारतात.

वीज गेली तर आधी प्राणवायूची काळजी. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप लटकवून ठेवा. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त वेव्हमेकर, हीटर नको.

आठवड्याला आठ लिटर पाणी बदला. त्यासाठी सुमारे २९० ग्रॅम मीठ आदल्या दिवशी बादलीत. नव्या पाण्याचं तापमान आणि क्षारता टाकीशी जुळल्याशिवाय ओतायचं नाही.

मार्चमध्ये

प्राणी कोणाला द्यायचे ते ऑगस्टमध्येच ठरलेलं असावं: ज्यांच्याकडून आणले त्यांना परत, किंवा चिलर असलेल्या एखाद्या हौशी माणसाकडे. समुद्रात, आजव्यात किंवा विश्वामित्रीत काहीही सोडायचं नाही. कुठून तरी आलेला जीव आणि त्याच्या पाण्यातले जिवाणू मोकळ्या पाण्यात जाऊ देऊ नयेत. टाकीचं खारं पाणी बागेत ओतलं तर झाडं जळतात, ते सांडपाण्याच्या मोरीत सोडा. सिरॅमिकचे ठोकळे उन्हात खडखडीत वाळवून ठेवा, पुढच्या वर्षी चालतात. चाचणी-संचाच्या बाटल्यांवरची मुदत बघून संपलेल्या टाकून द्या. रिफ्रॅक्टोमीटरची काच गोड्या पाण्याने धुऊन मऊ फडक्याने पुसा, मीठ वाळलं तर ती धूसर होते. आणि वही, आलेखांसकट, कपाटात टाकीच्या शेजारी ठेवा. जूनमध्ये नववीला येणारी मुलं सगळ्यात आधी तीच मागतात.